कावामुरा-सानांची खुर्ची

शरयूताईंच्या टेबलाभोवती तीन खुर्च्या होत्या आणि तिसरीवर बसायची कुणालाच परवानगी नव्हती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्यावर पिशवी ठेवली. ताई स्वयंपाकघरातून, मागे वळूनही न बघता म्हणाल्या, "तिथं नको गं. कावामुरा-सान बसतात तिथं."

मी पिशवी उचलली आणि चहा संपेपर्यंत या कावामुरा-सानांची वाट बघितली. ते आले नाहीत. पुढची जवळजवळ दोन वर्षं मी दर शनिवारी त्या घरी जात होते, एकदाही आले नाहीत. येणार कुठून? ते नव्हतेच. ताईंनी त्यांना मनानं रचलं होतं. तोक्योच्या मंत्रालयातले मधल्या फळीतले अधिकारी. वय चव्वेचाळीस, पाठदुखी, घरी जायला दीड तासाची ट्रेन. त्यांच्या टेबलावर मोठ्या देशांच्या जाडजूड फायलींची चळत, आणि त्या चळतीच्या तळाशी आमच्या बेटाची एक बारीकशी फाईल. पत्राचा जपानी अनुवाद पुरा झाला की ताई खुर्चीकडे तोंड करून तो मोठ्यानं वाचत आणि मध्येच थांबून म्हणत, "इथं त्यांनी चष्मा काढला बघ. म्हणजे वाक्य लांबलंय."

बेट म्हणजे पॅसिफिकमधला एक छोटा देश. त्याचं नाव मी लिहिणार नाही, आणि माणसांचीही नावं बदलली आहेत. खटला अजून चालू आहे. जे इथं सांगते आहे ते तिथल्या कोर्टात उघडपणे वाचलं गेलं आहे. त्या देशात भ्रष्टाचाराचे खटले चालवणारं कार्यालय म्हणजे मासेमारी खात्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. तिथं तालिया नावाची तिशीतली सरकारी वकील, तिचा एक कारकून, आणि पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की बंद पडणारं इंटरनेट. मोठ्या देशांना परदेशातला साक्षीदार हवा असला तर त्यांची माणसं विमानात बसून येतात. तालिया पत्र लिहायची. देशादेशांतल्या करारांनी तिला तेवढा एक हक्क दिला होता, विनंती करायचा. जपानला विनंती करायची तर सोबत जपानी अनुवाद लागतो. तो अनुवाद शरयूताई करायच्या.

ताई पंचेचाळीस वर्षं कोबेत होत्या. यजमान मुंबईच्या एका व्यापारी कंपनीतर्फे आले, इथंच गेले, आणि ताई राहिल्या. मग बरीच वर्षं त्या कोर्टात दुभाषी होत्या. याहून जास्त मला माहीत नाही. विचारलं की म्हणायच्या, "ते राहू दे. जेवून आलीस की नुसताच भाताचा ओनिगिरी खाल्लास स्टेशनवर?"

बुटक्या, पांढऱ्या केसांचा बॉबकट, आणि बारीक मनगटावर यजमानांचं मोठं घड्याळ. ते घड्याळ बेटाच्या वेळेवर लावलेलं असायचं. भिंतीवरचं घड्याळ जपानचं, मनगटावरचं बेटाचं. भर दुपारी खिडकीशी उभ्या राहून त्या म्हणायच्या, "तिथं आता ऊन उतरलं. तालिया खिडक्या लावत असेल." त्या कधीही त्या बेटावर गेलेल्या नव्हत्या. काम करता करता अनुवादात कुठं अडलं की पेन्सिल खाली ठेवायच्या, डोळे मिटायच्या, दहा-बारा मिनिटं खुर्चीतच झोपायच्या. उठल्यावर अगदी सहज सांगायच्या, "जाऊन आले." आणि अडलेला शब्द लिहायच्या.

त्यांचं घर डोंगराच्या चढावर होतं. खिडकीतून खाली बंदर दिसायचं. किती शनिवार तर नुसतं धुकं दिसायचं आणि त्या धुक्यातून बोटीचा भोंगा, लांब, जाड, झोपेत ऐकू यावा तसा. त्या खोलीत बसलं की मला कोबे आणि बेट यांच्यामध्ये फक्त ते धुकंच आहे असं वाटायचं.

मी तिथं कशी गेले ते थोडक्यात सांगते. मी क्योतोत राज्यशास्त्राची पीएचडी करत होते आणि बायतो, म्हणजे शिकता शिकता करायचं अर्धवेळ काम, शोधत होते. ताईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यांना टाइप करणारं कुणीतरी हवं होतं. आमच्या घरात वडील पत्रकं काढायचे. कामगारांची, झोपडपट्टीची, धरणाची, दर महिन्याला नवं. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'आई' नि 'घर' यांच्याइतकेच जुने. त्यामुळे एका छोट्या देशाच्या भ्रष्ट मंत्र्याविरुद्धचं काम म्हटल्यावर मी उडीच मारली. पहिल्याच शनिवारी ताईंनी मला पत्र टाइप करायला दिलं. त्याची सुरुवात अशी होती: 'आपल्या व्यस्ततेत हे पत्र वाचल्याबद्दल प्रथम आभार.'

"ताई, हे चोराला पकडायचं पत्र आहे की लग्नाचं आमंत्रण?"

"आमंत्रणच आहे," त्या म्हणाल्या. "यावं असं वाटलं पाहिजे ना माणसाला."

प्रकरण एका धक्क्याचं होतं. दूरच्या एका बेटावर दवाखान्याची बोट लागावी म्हणून बांधायचा धक्का. कागदावर त्याचे तीन टप्पे पूर्ण होते, पाण्यात दोनच. तिसरा टप्पा खोल पाण्यापर्यंत जायचा होता. तो नसल्यामुळे ओहोटीला बोट लागू शकत नाही. मग आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघंजण छातीभर पाण्यातून बोटीपर्यंत नेतात, नाहीतर भरतीची वाट बघत बसतात. तालियाची आई अशीच वाट बघता बघता किनाऱ्यावर गेली. हे तालियानं मला नाही, ताईंना सांगितलं होतं, आणि ताईंनी मला फक्त एकदा. मात्र त्यांच्या फ्रिजवर त्या बेटाचा भरती-ओहोटीचा तक्ता चिकटवलेला होता. दूध काढताना त्यावर एक नजर टाकायच्या आणि म्हणायच्या, "आज चारपर्यंत कुणी आजारी पडू नये बाई."

धक्का पुरा झाल्याचा दाखला मंत्र्यानं दिला होता. आता माजी झालेला तो मंत्री कोर्टात सांगत होता की तिसरा टप्पा बांधला होता, वादळात वाहून गेला. बांधलाच नव्हता हे सिद्ध कसं करायचं? तिथल्या एका म्हाताऱ्या मुकादमाला आठवत होतं की कामावर देखरेख करणारा जपानी इंजिनिअर रोज संध्याकाळी पाण्याच्या कडेला बसून हिरव्या वेष्टनाच्या छोट्या वहीत काहीतरी लिहायचा. मग काम अर्धवट असतानाच त्याला परत बोलावलं गेलं. तालियाला त्या माणसाची साक्ष हवी होती आणि त्या वह्या. माणूस ऐंशीच्या पुढचा. खटला त्याच्यावर टांगलेला होता. तो गेला की वादळ जिंकलं.

तालियानं पत्ता शोधून पाठवला. त्या शनिवारी ताई मला सांगत होत्या आणि मी टाइप करत होते. कोबे, मग वॉर्ड, मग वस्ती, मग गल्लीचा आकडा. ताई मध्येच थांबल्या. त्यांनी भिंग उचललं, कागद खिडकीपाशी नेला, परत वाचला.

"काय झालं?"

"अगं, हे आपले मोरी-सान."

मोरी-सान खालच्या गल्लीत राहायचे. चढावर वर ताई, तीनशे पावलं खाली ते. गोमीच्या दिवशी, म्हणजे कचरा ठेवायच्या दिवशी, नाक्यावरच्या जाळीपाशी दोघांची भेट व्हायची. गेली अकरा वर्षं. "गुड मॉर्निंग. आज गार आहे." "हो ना, वाराही आहे." बस्स. ते इंजिनिअर होते एवढंच ताईंना माहीत होतं, बेटाचं कधी बोलणं नव्हतं.

मी टुणकन उठले. "ताई! मग अडलंय काय? आत्ता जाऊ. पाच मिनिटं बोलू, फोनवर रेकॉर्ड करू, वह्यांचे फोटो काढू. त्या मंत्र्यानं सगळ्यांसमोर लूट केली आणि आपण इथं 'व्यस्ततेत आभार' टाइप करतोय!"

"खाली बस."

"पण का?"

"कारण मग त्या वह्या माझ्या ओट्यावर येतील, कोर्टात नाही येणार. मंत्र्याचा वकील पहिला प्रश्न काय विचारेल? या म्हाताऱ्याला आधी कोण भेटलं? कुणी पढवलं? आणि आपल्याला खोटं बोलता येणार नाही."

त्यांनी त्याच दिवशी तालियाला लिहिलं: साक्षीदाराला मी ओळखते, कचऱ्याच्या जाळीपाशी नमस्कारापुरती. दुसरा अनुवादक बघावा. तालियाचं उत्तर आलं की एवढं काम अंगावर घेणारा दुसरा कुणी नाही, ते पत्र मी कोर्टात नोंदवून ठेवते, काम चालू ठेवा, फक्त त्यांच्याशी या विषयावर एक अक्षर नको. ताईंनी अट घातली की माझा प्रत्येक अनुवाद दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचा. आणि मला बजावलं, "नमस्कार तेवढाच राहणार. जास्त नाही, कमी नाही. कमी झाला तरी त्यांना कळेल की काहीतरी आहे."

मग ते पत्र निघालं. कोबेहून बेटावर, तिथल्या सहीशिक्क्यानं परत समुद्र ओलांडून तोक्योला, एका मंत्रालयातून दुसऱ्यात, तिथून कोबेच्या सरकारी वकिलांकडे, आणि मग कधीतरी तीनशे पावलं खाली. ताई खिडकीतून खालच्या गल्लीच्या कौलांकडे बघत म्हणायच्या, "पत्र आता कुठं असेल गं?" मला ते असह्य व्हायचं. त्यांना नाही. त्यांना त्या प्रवासाचं कौतुक होतं. "बघ ना. एवढ्याशा देशाला कुणाच्या दारावर थाप मारता येत नाही. पण पत्र लिहिलं तर ते पोचवावं लागतं. केवढी मोठी गोष्ट आहे."

खरं तर निघालेलं ते पत्र ताईंचं नव्हतं. माझं होतं. हे मला लिहिलंच पाहिजे.

त्याच आठवड्यात ताईंच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होती. तालियानं घाईत पाठवलेल्या हकिकतीवरून हात फिरवायचं काम माझ्याकडे आलं. मी हात फिरवला. 'लुटारू राजवट' लिहिलं. 'निवडणुकीत जनतेनं हाकलून दिलेलं सरकार' लिहिलं, तेही तीनदा. किनाऱ्यावर ताटकळणारी आजारी माणसं लिहिली आणि त्यांच्या वतीनं मी जपान सरकारला जाब विचारावा तशी विनंती केली. वडिलांना दाखवलं असतं तर त्यांनी तसंच छापायला पाठवलं असतं. तालियानं सही केली आणि मला लिहिलं, 'आमचं सरकारी पत्र वाचून पहिल्यांदाच अंगावर काटा आला.' जपानी अनुवादही मीच केला; तपासणाऱ्यानं शब्द तपासले, सूर नाही. डोळ्यांवर पट्टी असलेल्या ताईंनी विचारलं, "खुर्चीला वाचून दाखवलंस ना?"

मी म्हटलं, "हो."

नव्हतं दाखवलं. मोकळ्या खुर्चीला वाचून दाखवण्यात मला लाज वाटली होती.

पाच महिन्यांनी तोक्योहून दोन ओळींचं, अतिशय नम्र उत्तर आलं. सदर विनंती ही पूर्वीच्या सरकारविरुद्धच्या राजकीय कारवाईचा भाग आहे काय, याचा कृपया खुलासा व्हावा. ताईंनी ते वाचलं आणि मला अर्थ सांगितला. राजकीय गुन्हा असेल तर कुठलाच देश अशी मदत करत नाही. नवं सरकार जुन्या सरकारचा सूड घेत असेल तर त्यात पडायचं नाही, हा नियम आहे, आणि तो चांगला नियम आहे. मी माझ्या पत्रानं चोरीचं राजकारण करून टाकलं होतं. चोराचा वकीलही याहून चांगलं करू शकला नसता.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी पत्राची प्रत माझ्या हातात दिली. "आता वाच. त्यांना."

मी खुर्चीसमोर उभी राहून वाचायला लागले. दुसऱ्या परिच्छेदात मी कागद खाली घेतला.

"तेव्हा वाचलं नव्हतंस," ताई म्हणाल्या.

"नाही."

"बरं. आता तू बस तिथं."

"खुर्चीत?"

"एकदाच. बस."

मी बसले. ताईंनी पत्र घेतलं आणि माझ्याकडे बघत, अगदी सावकाश, आमंत्रण वाचावं तशा सुरात ते वाचलं. तिथं बसून ऐकताना मला वाटलं की कुणीतरी अनोळखी माणूस माझ्या टेबलापाशी येऊन मला ओरडतोय. माझी पाठ दुखत होती, माझी ट्रेन दीड तासाची होती, आणि मी त्याचं काहीही बिघडवलेलं नव्हतं.

"सांग," ताईंनी विचारलं, "तुला काय करायचंय ते कळलं का?"

"मला राग यायला हवाय, एवढंच कळलं."

"आला?"

"तुमचाच आला."

त्या हसल्या. इतक्या हसल्या की नव्या डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाल्या, "मुक्ता, तुझ्या वडिलांची पत्रकं लोकांना घराबाहेर काढायला होती. चांगलीच असणार. पण इथं एका माणसाला घराबाहेर नाही काढायचंय, त्याच्या टेबलापाशी बसवायचंय. त्याला ड्रॉवर उघडायला लावायचाय."

आम्ही दिवसभर बसून ते पत्र पुन्हा लिहिलं. प्रत्येक वाक्यात कोण, काय, कुठं. निवडणूक गेली. जनता गेली. आजारी माणसांचं एकच वाक्य उरलं: ओहोटीच्या वेळी बोट धक्क्याला लागू शकत नाही. शेवटी ताईंनी भर घातली: साक्षीदाराचं वय लक्षात घेता त्यांना कार्यालयात यावं लागू नये, घरीच, त्यांच्या सोयीच्या वेळी विचारपूस व्हावी. पत्र परत निघालं. पाच महिने मी वाया घालवले होते.

आणि ते महिने महाग पडले. त्या हिवाळ्यात मोरी-सान जिन्यावरून पडले. महिनाभर जाळीपाशी दिसले नाहीत. ताई मला फोनवर फक्त एवढंच म्हणाल्या, "आज नव्हते." पुढच्या आठवड्यात परत, "आजही नव्हते." काठी टेकत परत आले तेव्हा अर्धे झाले होते. आणि घरी आल्यावर, इथले म्हातारे करतात तसं, त्यांनी घर आवरायला काढलं. मागं राहणाऱ्यांना त्रास नको म्हणून.

आता मला ताईंची कचऱ्याची शिस्त सांगायला हवी. कोबेतली सगळी मराठी मंडळी त्यांना त्यासाठी ओळखायची. माझ्या पहिल्या महिन्यात त्यांनी माझी पाण्याची बाटली कचऱ्यातून बाहेर काढली होती. झाकण वेगळं, लेबल वेगळं, बाटली धुऊन. "आपण परक्या गावात राहतो ते असं," त्या म्हणाल्या होत्या. जाळीपाशी वस्तीतल्या घरांची आळीपाळीनं पाळी असते. ज्याची पाळी, त्यानं उभं राहून सगळं नीट ठेवलंय का बघायचं. ताईंच्या पाळीच्या आठवड्यात लोक घरूनच दोनदा तपासून यायचे.

मे महिन्यातला जुन्या कागदांच्या रद्दीचा दिवस होता. शनिवार. पाळी ताईंची. मी सकाळच्या ट्रेननं आले होते आणि त्यांच्याशेजारी उभी होते. वरून धुकं उतरत होतं, रस्त्याचा वरचा भाग दिसत नव्हता. खालून काठीचा आवाज आला आणि मग मोरी-सान. दुसऱ्या हातात सुतळीनं बांधलेला गठ्ठा. वर्तमानपत्रं, काही नकाशे, आणि मध्ये सात-आठ छोट्या वह्या. हिरव्या वेष्टनाच्या.

मी ताईंकडे बघितलं. ताई वह्यांकडे बघत होत्या. ट्रक साडेआठला येतो. आठ वाजले होते.

'या वह्या टाकू नका' हे चार शब्द होते. ते बोलले की साक्ष गेली. नाही बोलले की वह्या गेल्या.

"गुड मॉर्निंग," मोरी-सान म्हणाले. "आज धुकं आहे."

"गुड मॉर्निंग. हो ना, दुपारी उघडेल म्हणतात." ताई वाकल्या, नेहमीइतक्याच. गठ्ठा बघितला. मग म्हणाल्या, "मोरी-सान, माफ करा हं. या वह्यांची वेष्टनं प्लास्टिकची दिसताहेत. रद्दीत नाही जाणार. वेष्टनं काढून वेगळी द्यावी लागतील."

मोरी-सान ओशाळले. इथं कचरा चुकणं म्हणजे फारच लाजिरवाणं. "अरे हो की. लक्षातच आलं नाही." त्यांनी वाकून सुतळी सोडायचा प्रयत्न केला, गाठ लवकर सुटेना. ताईंनी मदत केली नाही. त्यांनी हात पाठीमागं धरले होते आणि मला मागून दिसत होतं की एका हातानं दुसऱ्या मनगटावरचं घड्याळ घट्ट आवळलंय. म्हाताऱ्यानं वह्या काढल्या, कोटाच्या दोन खिशांत कोंबल्या, पुन्हा माफी मागितली आणि धुक्यात उतरून गेला.

त्यानंतर ताईंनी शेजारच्या बाईंना दुधाच्या खोक्यांवरून आणि एका विद्यार्थ्याला पिझ्झाच्या डब्यावरून परत पाठवलं. त्याच सुरात.

घरी आल्यावर मी नाचायचीच बाकी होते. "ताई, तुम्ही जिंकलात!"

"गप." त्या टेबलाशी बसल्या. "नियम तोच होता ना गं?"

"अगदी तोच."

"तो मुलगा आला, त्यालाही सांगितलं ना मी?"

"सांगितलंत."

"पण आवाज? आवाज तोच होता का माझा?"

मी म्हटलं, तोच होता. मला आजही माहीत नाही. ताईंनी त्याच दुपारी तालियाला सगळं लिहून पाठवलं, शब्द न् शब्द, धुक्यासकट. तेही कोर्टात नोंदवलं गेलं.

वह्यांची वेष्टनं काढून मोरी-सान पुढच्या रद्दीला येतील याची धास्ती आम्ही तीन महिने बाळगली. ते आले, वर्तमानपत्रं घेऊन आले. वह्या नाहीत. ताईंनी विचारलं नाही. जास्त नाही, कमी नाही. पावसाळा गेला, मग इथला उन्हाळा आला, रातकिड्यांनी डोंगर भरून गेला, आणि ताई दुपारच्या डुलक्यांतून उठून सांगत राहिल्या, "जाऊन आले. समुद्र शांत होता."

शरदात कधीतरी पत्र पोचलं. आम्हाला कळलं ते उलट्या वाटेनं. साक्षीचे कागद तोक्योहून बेटावर गेले आणि बेटाहून इंग्रजी अनुवादासाठी परत या टेबलावर आले. ताई भिंगाशिवाय वाचत होत्या आता. त्या इंग्रजीत सांगत गेल्या, मी टाइप करत गेले.

कोबेचे सरकारी वकील मोरी-सानांच्या घरी, त्यांच्या सोयीच्या वेळी गेले होते. वह्या मोरी-सानांनी कपाटातून काढून दिल्या होत्या. ताईंनी एकेक दिवस वाचला. पाऊस, काम बंद. दुसऱ्या टप्प्याचं काँक्रीट ओतलं. तिसऱ्या टप्प्याचे खांब आलेले नाहीत. तिसऱ्या टप्प्याचे खांब आलेले नाहीत. असं कितीतरी दिवस. आणि शेवटची नोंद: 'आज परत जाण्याचा आदेश आला. समुद्र शांत. तिसऱ्या टप्प्याच्या जागी मासे दिसतात.'

ताईंनी ती ओळ दोनदा वाचली. खिडकीबाहेर बंदरावर ऊन होतं.

मग मंत्र्याच्या वकिलानं पाठवलेले प्रश्न होते. या प्रकरणाविषयी आपल्याशी पूर्वी कुणी संपर्क साधला होता का?

उत्तर: नाही. कुणीही नाही.

इतकी वर्षं या वह्या का ठेवल्या होत्या?

ताईंनी उत्तर आधी मनात वाचलं. मग सांगितलं, सूर न बदलता: "मे महिन्यात मी त्या टाकायला नेल्या होत्या. शेजारच्या बाईंनी सांगितलं की वेष्टनं वेगळी करावी लागतात. म्हणून परत आणल्या. वेष्टनं फाडायला घेतली, पण आत अक्षर बघितलं आणि वाचत बसलो."

मी टाइप करायची थांबले. ताई म्हणाल्या, "नेबर एवढंच लिही. बाई नको... नाही, थांब. लिही. त्यांनी जे म्हटलंय ते लिही."

मंत्र्याचा वकील त्या शेजारच्या बाईंवरून दोन दिवस भांडला. पण ताईंची सगळी पत्रं आधीपासूनच कोर्टात होती, पहिल्या नमस्कारापासून. न्यायाधीशांनी साक्ष आणि वह्या दाखल करून घेतल्या. वादळाची गोष्ट तिथं संपली. निकाल लागायचा आहे. धक्का तर अजून दोनच टप्प्यांचा आहे. मला अजूनही राग येतो, आणि यायलाच हवा असं मी मानते. आता फक्त तो कुठं ठेवायचा ते कळतं.

सेंदाईला नोकरी लागली आणि माझा कोबेतला शेवटचा शनिवार आला. तोही रद्दीचा दिवस. ताईंचा गठ्ठा मी उचलला आणि आम्ही नाक्यावर उतरलो. मोरी-सान काठी टेकून उभे होते.

"गुड मॉर्निंग. आज स्वच्छ आहे."

"गुड मॉर्निंग. हो ना, समुद्र दिसतोय."

एरवी इथं संपायचं. पण मोरी-सान रेंगाळले. म्हणाले, "मध्यंतरी मला एका दूरच्या देशाचं पत्र दाखवलं. पूर्वी मी तिथं काम केलं होतं. फार नीट लिहिलेलं पत्र होतं. वाचताना असं वाटलं, कुणीतरी समोर बसून बोलतंय."

"असं होय," ताई म्हणाल्या. आणि वाकल्या. मी निरखून बघत होते. नेहमीइतक्याच.

आम्ही चढ चढून वर आलो. चढताना त्या दोनदा थांबल्या. मी चहा टाकायला आत गेले. आलं किसलं, दूध काढलं, कप घेऊन बाहेर आले. ताई तिसऱ्या खुर्चीत बसल्या होत्या. कावामुरा-सानांच्या. डोळे मिटलेले, श्वास संथ, मनगट मांडीवर उलटं पडलेलं, घड्याळ बेटाच्या वेळेनं चालत होतं. खालून बोटीचा भोंगा आला, त्यांना ऐकू गेला नाही.

मी कप आवाज न करता ठेवला आणि फ्रिजवरचा तक्ता बघितला. तिथं भरती होती.